चार चिंचोके

लोखंडी पूल ओलांडून शहरातले पाहुणे छावणीत आले, की चहा येईपर्यंत एक वाक्य ठरलेलं असतं : "तुमच्याकडं काही बदलतच नाही बुवा!" त्यात थोडं कौतुक असतं, थोडी कीव असते आणि उरलेली सगळी असूया. त्यांच्या कॉलनीत मागच्या दिवाळीला जिथं मोकळा प्लॉट होता, तिथं या दिवाळीला सात मजले आणि तळाशी एक जिम उभी असते. इथं तेच सरळ रस्ते, तेच कडुलिंब, तीच बैठी घरं. वर एक खोली काढायची म्हटली तरी कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते, आणि परवानगीचा कागद हिंडून येईस्तोवर ज्या मुलाच्या लग्नासाठी खोली काढायची, त्याचीच मुलं शाळेत जायला लागतात.

या वाक्याला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते तोंडी देता येत नाही. त्यासाठी ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर खडूनं आखलेली घरं लागतात, मूठभर चिंचोके लागतात आणि चहा थंड होऊ द्यायची तयारी लागते. त्यामुळं बहुतेक पाहुणे उत्तर न घेताच जातात.

उत्तर इथलं नाही, केंब्रिजचं आहे. १९७० सालच्या ऑक्टोबरात 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती करमणुकीच्या सदरात जॉन हॉर्टन कॉनवे या गणितज्ञाच्या एका खेळाची ओळख करून दिली. खेळाचं नाव 'लाइफ'. खेळ म्हणायचं एवढंच, कारण त्यात ना गडी, ना डाव, ना हारजीत. चौकोनी घरांचा पट, चारी बाजूंनी न संपणारा. प्रत्येक घरात एकतर कुणी राहतंय, नाहीतर घर रिकामं आहे. सुरुवातीला कोण कुठं राहतं ते आपण मांडायचं, नंतर हात मागं घ्यायचे आणि नियम सांगेल तेवढंच करायचं. अशा पटाला 'सेल्युलर ऑटोमेटन' म्हणतात. मूळ कल्पना १९४०च्या दशकातली, स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन या जोडीची. नॉयमन यांच्या पटावर एकेका घराच्या २९ अवस्था होत्या. कॉनवेंनी त्या दोनवर आणल्या : आहे किंवा नाही. शिधापत्रिकेवर यापेक्षा जास्त रकाने असतात.

नियम शेजाऱ्यांचे आहेत. प्रत्येक घराला आठ शेजार, चार भिंतींचे आणि चार कोपऱ्यांचे. राहणाऱ्याला दोन किंवा तीन शेजारी असतील तर तो पुढच्या पिढीत राहतो. दोनपेक्षा कमी असले तर एकटेपणानं जातो, तीनपेक्षा जास्त झाले तर गर्दीनं. आणि रिकाम्या घराला बरोबर तीन शेजारी असतील तर तिथं नवा जीव जन्माला येतो. आपण 'तीन तिगाडा, काम बिगाडा' म्हणत आलो. कॉनवेंच्या गावात तिघं जमल्याशिवाय पाळणाच हलत नाही.

मेख एवढीच, की सगळ्या पटावरचं जन्ममरण एकाच क्षणी होतं. शेजारचा गेला म्हणून त्याच पिढीत आपला हिशेब बदलत नाही. त्यामुळं मांडताना भान ठेवावं लागतं. कॉनवे आणि त्यांची मित्रमंडळी गो या खेळाच्या पटावर सोंगट्या मांडायची. मी जाणाऱ्याच्या डोक्यावर खडा ठेवतो आणि येणाऱ्याच्या घरात साल काढलेला पांढरा चिंचोका. सगळा पट तपासून झाला, की खड्यासकट मेलेले उचलायचे आणि पांढऱ्यांच्या जागी तपकिरी मांडायचे. झाली एक पिढी. चिंचोक्याला एक बाजू चपटी असते म्हणून तो फरशीवर नीट बसतो. शेंगदाणे घेतले तर पिढी संपायच्या आत खाल्ले जातात.

आता या पटावर चार चिंचोके मांडायचे, दोनावर दोन, भिंतीला भिंत लावून. इंग्रजीत त्याला 'ब्लॉक' म्हणतात, मी चौकडी म्हणतो. मांडून झालं की बघत बसायचं.

शेजारचे काका लष्कराच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. कुंपणापलीकडून त्यांची नजर बरोबर लागते.

"काय करायलेत सर?"

"खेळतोय."

ते आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ फरशीकडं बघत राहिले.

"मग चालू कधी करायलेत?"

"चालूच आहे की. आत्ता तिसरी पिढी गेली."

काकांनी चार चिंचोक्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता घरात गेले. आतून काकूंचा "अगंबाई, कधीपासून?" असा काळजीचा आवाज आला.

पण खेळ खरंच चालू होता. चौघांपैकी कुणालाही विचारा, त्याला तीन शेजारी, म्हणजे राहायचं. बाहेरून चौकडीला लागून बारा रिकामी घरं आहेत. त्यांतल्या आठांना दोन-दोन शेजारी, कोपऱ्यांवरच्या चौघांना एकेक. तीन कुणालाच नाहीत, म्हणजे जन्म नाही. नियम सोळाच्या सोळा घरांना लागला, कुणालाही सवलत मिळाली नाही, आणि उत्तर आलं : होतं तसंच. पुढच्या पिढीला पुन्हा सोळा जणांची हजेरी, पुन्हा तेच उत्तर. अशा आकृत्यांना 'स्टिल लाइफ' म्हणतात. दुरून बघणाऱ्याला ती झोपलेली वाटते. खरं तर दर पिढीला तिचा निकाल लागत असतो आणि दर वेळी ती उत्तीर्ण होत असते. शाळेत दर वर्षी पस्तीसच टक्के घेऊन वर जाणारा एक मुलगा असायचा. त्याला कुणी हुशार म्हटलं नाही, पण पस्तीसच्या खाली न जाण्यासाठी त्याला काय काय करावं लागायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

छावणीचं असंच आहे. हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळानं १८५७च्या जूनमध्ये इथं बंड केलं. १९४८च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. मराठवाडा आधी हैदराबाद राज्यात, मग १९५६ला द्विभाषिक मुंबईत, मग १९६०ला महाराष्ट्रात गेला. शेजारच्या नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं आणि खेड्यापाड्यांतली पोरं ट्रंका घेऊन इथं उतरू लागली. २०२३मध्ये शहराचं नावही बदललं. लष्कर कुणाचं, हुकूम कुठल्या भाषेत, जमाखर्च कुठल्या नाण्यात, सगळं बदलून झालं. प्रत्येक वेळी छावणीला विचारणा झालीच असणार : राहायचं की जायचं? आणि छावणीनं आठ बाजूंना मान वळवून, शेजारी मोजून, "राहतो" असं सांगितलं असणार. यालाच पाहुणे 'काही बदलत नाही' म्हणतात.

चौकडीची खरी गंमत तिला डिवचल्यावर कळते. एक चिंचोका उचलून घ्या. उरले तीन. त्यांना प्रत्येकी दोन शेजारी, म्हणजे तिघंही राहतात. आणि जे घर रिकामं झालं त्याला बरोबर तीन शेजारी. पुढच्याच पिढीला तिथं पांढरा चिंचोका येतो. चोरी भरून निघते, पोलिसांत जावं लागत नाही. पण दोन उचला, कुठलेही दोन, मग उरलेल्या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही. एका पिढीत दोघंही जातात. एकाची उणीव सोसते, दोघांची सोसत नाही. इतका काटेकोर हिशेब आमच्या भिशीतसुद्धा नाही.

आता उलट करा. चौकडीच्या भिंतीला भिंत लावून पाचवा बसवा. माणूस एकच वाढला. पहिल्या पिढीला पाचाचे पाचच राहतात, पण विस्कटून. दुसऱ्या पिढीला तीन. तिसऱ्या पिढीला दोन. चौथ्या पिढीला फरशी लख्ख, कुणी राहत होतं याची खूणही नाही. पाचवा कुठल्याही बाजूला चिकटवा, फळ हेच. भरल्या घरात कायमचा मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याबद्दल आपल्या आज्ज्यांचं जे मत होतं, ते केंब्रिजमध्ये गणितानं सिद्ध झालं म्हणायचं.

मात्र तोच पाचवा भिंतीला न चिकटता नुसता कोपऱ्याला कोपरा लावून बसला, तर गोष्ट वेगळी. ज्याच्या कोपऱ्याला तो टेकला त्याला चार शेजारी होतात, तो गर्दीनं जातो. टेकणारा स्वतः एकटा पडून जातो. पण जाता जाता त्यांच्या दोन्ही बगलांना दोन नवे जन्मतात. एका पिढीत पाच चिंचोक्यांची होडी तयार होते, आणि ती होडी मग कायमची तशीच. आलेला राहिला नाही, आसरा देणाराही राहिला नाही, घराचा आकार मात्र दोघांच्या भेटीनं ठरला. कॅन्टोन्मेंटात असे बरेच बंगले आहेत. बांधणारा कोण, बांधून घेणारा कोण, दोघांचाही पत्ता नाही, आणि व्हरांडा अजून त्यांच्या पद्धतीचा.

दोन चौकड्या शेजारी शेजारी मांडायच्या तर मध्ये एका घराची गल्ली सोडावी. दोन्ही सुखानं राहतात. मधल्या गल्लीतल्या घरांना दोन्हीकडून मिळून चार-चार शेजारी होतात, म्हणजे गर्दी. तिथं कुणी जन्मूच शकत नाही. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी दोन-दोनच शेजारी, तिथंही नाही. अतिक्रमण होऊच शकत नाही अशी गल्ली मी फक्त या पटावर बघितली आहे.

आणि गल्ली न सोडता दोन चौकड्या भिंतीला भिंत लावून जोडल्या तर? मला वाटतं सगळ्या खेळात याहून देखणी चाल नाही. आठ चिंचोके, दोन ओळींत चार-चार. मधल्या चौघांना प्रत्येकी पाच शेजारी, ते चौघं जातात. टोकांच्या चौघांना तीन-तीन, ते राहतात. आणि मधल्या चौघांच्या बरोबर पाठीशी, दोन वर आणि दोन खाली, अशा रिकाम्या घरांना तीन-तीन शेजारी मिळून चार नवे जन्मतात. एकाच पिढीत आठाचे आठ, पण आता गोल बसलेले, आणि मध्ये दोन बाय दोनचं मोकळं अंगण. त्या अंगणातल्या प्रत्येक घरावर चार जणांची नजर, म्हणून ते कधीच भरत नाही. इंग्रजीत याला 'पाँड', तळं, म्हणतात. पैठणच्या जुन्या वाड्यातला माणूस मात्र बघताक्षणी म्हणेल, हा तर चौक. दोन भाऊ भिंत पाडून एकत्र राहायला लागले, मधली माणसं गेली, चौक राहिला आणि मागच्या बाजूला दोन-दोन खोल्या वाढल्या.

अशा स्थिर आकृत्या बऱ्याच. सहा चिंचोक्यांचं मोहोळ, सात चिंचोक्यांचा पाव, चारांचंच पण तिरपं मांडलेलं घंगाळ. ब्लिंकर नावाचा एक प्राणी स्थिर म्हणावा असा नाही : एका ओळीत तीन चिंचोके, पुढच्या पिढीला आडव्याचे उभे, नंतर उभ्याचे आडवे, असं अखेरपर्यंत. आमच्या गल्लीत अशी दोन माणसं आहेत, त्यांची नावं सांगत नाही.

पटावर मूठभर चिंचोके नुसते भिरकावून दिले तर आधी हलकल्लोळ होतो आणि तो निवला की मागं हेच उरतात : ब्लिंकर सर्वांत जास्त, त्याखालोखाल चौकडी, मग मोहोळ. आर-पेंटोमिनो नावाची पाच चिंचोक्यांची एक वेडीवाकडी मांडणी आहे. दिसायला साधी, पण कॉनवेंनी तिचा ४६० पिढ्या पाठपुरावा केला तरी ती निवेना. गार्डनर यांच्या लेखात ती तशीच अर्धवट सोडलेली आहे. पुढं संगणकावर कळलं, की ती ११०३ पिढ्यांनी शांत होते. तोवर तिनं काय काय घातलेलं असतं! आठ चौकड्या, चार मोहोळं, चार ब्लिंकर, एक होडी, एक पाव, एक जहाज, आणि तिरपे तिरपे चालत पटाबाहेर निघून गेलेले सहा ग्लायडर. एकूण ११६ जण. पाच जणांचं कुटुंब, एवढा धुमाकूळ, आणि शेवटी मागं उरल्या त्या बहुतेक याच चौकड्या नि मोहोळं. घराण्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

ग्लायडरबद्दल सांगायला हवं, कारण त्यावाचून आमचा गुरुवार समजत नाही. ग्लायडर म्हणजे पाच चिंचोक्यांची आकृती, जी चार पिढ्यांनी पुन्हा स्वतःसारखीच होते, पण एक घर तिरपी सरकून. म्हणजे ती चालते. आकृत्या कितीही वाढल्या तरी वाढीला कुठं ना कुठं अंत असणार, असा कॉनवेंचा अंदाज होता. तो खरा किंवा खोटा ठरवणाऱ्याला त्यांनी ५० डॉलरचं बक्षीस लावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एमआयटीतल्या बिल गॉस्पर यांच्या गटानं दर ३० पिढ्यांना एक नवा ग्लायडर सोडणारी तोफ शोधून बक्षीस नेलं. ग्लायडर ज्याला धडकतो त्याची बहुधा वाट लावतो. चौकडीसुद्धा एखाद्या धडकेत ग्लायडरसकट नाहीशी होते.

पण सात चिंचोक्यांची एक आकृती आहे, 'ईटर'. मी तिला खादाड म्हणतो. नीट कोनातून आलेला ग्लायडर ती गिळते, चार पिढ्या तिचं तोंड वाकडं होतं, आणि मग ती होती तशी, जणू काही झालंच नाही. आमचा आठवडी बाजार दर गुरुवारी येतो तो असाच. पहाटेपासून टेम्पो, बैल, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या, कांद्याची पोती, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवणारे दलाल. फुलंब्रीहून आलेला गडी आणि गंगापूरहून आलेला गडी एकाच गोऱ्ह्याच्या दातांत डोकावताहेत. दुपारी चालायला जागा नसते. शुक्रवारी सकाळी थोडी वैरण, थोडं शेण, दोन-चार तुटके दोर, आणि छावणी पुन्हा आपल्या सात घरांवर हजर. बाजार छावणीला बदलत नाही असं नाही; गुरुवारभर ती पुरती बदललेली असते. ती परत येते, एवढंच. आणि परत येण्यात किती मेहनत आहे ते शुक्रवारी पहाटे झाडू मारणाऱ्यांना विचारावं.

गणिताची आवड असलेल्या मराठी माणसाला या ठिकाणी आणखी एक छावणी आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात छावण्या सात. त्यांतली एक नाशिकजवळची देवळाली. त्या देवळाली कॅम्पात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर राहायचे. जन्म १९०५, डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक. गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. आकड्यांशी त्यांची जी सलगी होती ती बघून विद्वानांनी बरीच वर्षं नाकं मुरडली. पुढं याच मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५च्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि कापरेकर जगाला माहीत झाले. केंब्रिजचा प्राध्यापक आणि देवळालीचा मास्तर, दोघांनाही जगाच्या ओट्यावर आणून बसवणारा माणूस एकच.

कापरेकरांचा खेळ पटाविना चालतो. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक मोठ्याकडून लहानाकडं मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडं, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. आमच्या छावणीचा पिनकोड ४३१००२. त्याचे शेवटचे चार अंक घेऊ, १००२. २१०० वजा ००१२, आले २०८८. मग ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि आता ७६४१ वजा १४६७ केले तरी पुन्हा ६१७४. इथून पुढं हलायचं नाव नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथंच येते. कॉनवेंच्या खेळाचं साल १९७० घेऊन बघा, पुरत्या सात पायऱ्या लागतात : ९५३१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. हा आकडा आता कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. सगळे अंक सारखे असले, ११११ किंवा ७७७७, तर मात्र पहिल्याच फटक्यात शून्य. सगळे एका मापाचे जमले की शिल्लक काही राहत नाही, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरचे उगीचच खूश व्हायचे.

६१७४ आणि चौकडी ही सख्खी भावंडं नव्हेत, चुलत म्हणावीत. कापरेकरांकडं सगळ्या वाटा एकाच गावाला जातात आणि किती वेळात जातात तेही ठाऊक आहे. कॉनवेंकडं कुठल्या मांडणीचं काय होईल हे आधी सांगायची सरसकट रीत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. मांडून बघावं लागतं. पण दोघांचा स्वभाव एक : नियम सोडायचा नाही, आणि नियम लावूनही जे जागचं हलत नाही त्याच्याकडं कौतुकानं बघायचं. आणखी एक साम्य आहे, ते मला फार आवडतं. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या जन्मते. २१मध्ये २ आणि १ मिळवा, २४ आली. पण काही संख्या अशा आहेत ज्या कुणापासूनच जन्मत नाहीत. २० घ्या, ३१ घ्या. या स्वयंभू संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. कॉनवेंच्या पटावरही ज्यांना मागची पिढीच असू शकत नाही अशा आकृत्या आहेत. एडनची बाग म्हणतात त्यांना. त्या फक्त हातानं मांडता येतात, पटावर आपसूक कधीच उगवत नाहीत. जगाच्या दोन टोकांना दोघं जण बिनबापाचे शोधत बसले होते. आपल्या मास्तरांनी त्यांना गावाचं आडनाव तरी दिलं.

कॉनवेंना या खेळाच्या कीर्तीचा पुढं उबग आला होता म्हणतात. अतिवास्तव संख्या आणि सममितीवरचं त्यांचं काम कितीतरी भारी, पण लोक भेटले की चिंचोक्यांचंच विचारायचे. ११ एप्रिल २०२० रोजी करोनानं ते गेले. त्या महिन्यात आमच्याकडं किराणा दुकानासमोर खडूचे गोल आखलेले होते, एकात एक माणूस, मध्ये दोन गोल रिकामे. एकटं राहाल तर जगाल, हा नियम त्यांच्या पटाच्या बरोबर उलटा. गुरुवारचा बाजारही तेव्हा बंद होता.

आता नवीन विचारणा आलेली आहे. छावण्यांचे नागरी भाग काढून शेजारच्या नगरपालिका-महापालिकांना जोडायचे, असं केंद्रानं मनावर घेतलंय. एप्रिल २०२३मध्ये हिमाचलातली योलची छावणी रद्द झालीही. आमचं काय, यावर ओट्यावर रोज संध्याकाळी खल होतो. काकांचं म्हणणं, महापालिकेत गेलो की मजला चढवायला मोकळीक. काकूंचं म्हणणं, मजला चढेल आणि त्याच्याबरोबर घरपट्टीही. मी आपला पट आखून दाखवतो : गल्ली सोडून जोडले तर दोघंही होते तसे, भिंतीला भिंत लावली तर मधले जातील, चौक राहील, मागं वाढ होईल, आणि भिंतीला एकच जण चिकटवला तर चार पिढ्यांत फरशी साफ. काकांनी विचारलं, यातलं नेमकं काय होणार? मी म्हटलं, ते सांगायची सरसकट रीत नाही हे सिद्ध झालेलं आहे. काका म्हणाले, बोर्डातले साहेब पण हेच सांगायलेत.

सध्या पट माझ्या हातात राहिलेला नाही. सुट्टीला आलेल्या काकांच्या नातवानं चिंचोक्यांची वाटी पळवली आहे. त्याला मी एक काम लावून दिलंय. चार चिंचोक्यांच्या स्थिर आकृत्या दोनच : चौकडी आणि घंगाळ. पाचांची एकच, होडी. सहांच्या पाच, सातांच्या चार. (बारांच्या तब्बल १२१ आहेत, पण तेवढी सुट्टी शाळा देत नाही.) सहांच्या पाचही शोधून काढ म्हटलं. मोहोळ त्याला लगेच सापडलं. होडीला दुसऱ्या टोकाला एक चिंचोका लावून जहाज झालं. घंगाळ ताणून बार्ज झाला. नागमोडी साप करायला दोन दिवस लागले, आणि तो जमल्यावर त्यानं काकूंना स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवला. पाचवी काही केल्या सापडेना. पाचवी नाहीच, असं आता त्याचं मत झालंय. सरांनी मोजताना घोळ घातला असेल, अशी शंका त्यानं आजोबांकडं बोलून दाखवली, आणि आजोबांना ती लगेच पटली.